काळ्या यादींतील सज्जन

मनुष्याचें नांव ही त्याची स्वतःची मिळकत आहे असें आपण समजतों. परंतु जगाचा व्यवहार नीट न्याहाळला असतां ही समजूत फारशी टिकत नाहीं. नांव धारण करतों आपण, पण तें चांगलें कीं वाईट हें ठरवितात दुसरे. आणि ठरवितांना ते आपली कृति पाहतातच असें नाहीं. आपण कोणत्या आळींत राहतों, आपल्या शेजारीं कोण राहतो, आपल्या आधीं त्या खोलींत कोणाचें बिऱ्हाड होतें, या गोष्टींवरूनही निकाल दिला जातो. दारूच्या गुत्त्याला लागून जागा घेतलेल्या कीर्तनकाराकडेही रस्त्यानें जाणारा एकदां वांकड्या नजरेनें पाहतोच. यांत पाहणाराचा दोष म्हणावा तर सर्वांची चौकशी करण्यास त्याला सवड नसते. कीर्तनकाराचा म्हणावा तर दुसरीकडे जागा घेणें त्याला परवडत नसतें. अपराधी कोणीच नाहीं आणि अन्याय मात्र घडतो, असा हा प्रकार आहे.

या प्रकाराचें जितकें स्वच्छ उदाहरण ईमेलच्या व्यवहारांत पाहावयास मिळतें तितकें अन्यत्र क्वचितच मिळेल. विषय यंत्रांचा आहे, साहित्याचा नव्हे, असें म्हणून कांहीं वाचक येथेंच पान उलटूं पाहतील. त्यांस आमची इतकीच विनंति आहे कीं, पत्र कोणाचें घ्यावें व कोणाचें दारांतूनच परत लावावें हा प्रश्न यंत्रांचा नसून शेजारधर्माचा, न्यायाचा आणि अब्रूचा आहे. यंत्रांनीं तो फक्त अधिक निष्ठुर केला आहे.

ईमेलचे नियम ज्यांनीं प्रथम घातले तीं माणसें विश्वासू होतीं. १९८२ सालच्या ऑगस्ट महिन्यांत जॉन पोस्टेल या अमेरिकन विद्वानानें टपालाच्या देवघेवीचे जे नियम लिहून काढले, त्यांत पत्र पाठविणारानें आपलें जें नांव सांगितलें तें खरें मानावें, असाच एकंदर रोख होता. त्या वेळीं या जाळ्यावर विद्यापीठें, प्रयोगशाळा व कांहीं सरकारी कचेऱ्या एवढाच गोतावळा होता. एकमेकांची दारें एकमेकांस उघडीं असत. परंतु दार उघडें आहे हें पाहून आंत शिरणारा पहिला पाहुणा त्याही आधींच येऊन गेला होता. ३ मे १९७८ रोजीं गॅरी थर्क नांवाच्या एका विक्रेत्यानें आपल्या कंपनीच्या नव्या संगणकांचें प्रदर्शन पाहावयास या, असें निमंत्रण सुमारें चारशें लोकांस एकाच वेळीं धाडून दिलें. लोक रागावले, त्याला समज दिली गेली, आणि प्रकरण मिटलें असें सर्वांस वाटलें. पण मिटलें नव्हतें. पुढें १९९४ सालीं दोघां अमेरिकन वकिलांनीं आपल्या धंद्याची जाहिरात हजारों चर्चामंडळांत एकदम टाकली, आणि असा उद्योग फुकट व फायद्याचा आहे ही विद्या जगास कळली. डब्यांतल्या मांसाच्या एका प्रसिद्ध छापाचें नांव, १९७० सालच्या एका इंग्रजी विनोदी प्रवेशांतून उचलून, लोकांनीं या नकोशा टपालास दिलें. तेव्हांपासून त्याला 'स्पॅम' म्हणतात.

येथें एक गोष्ट ध्यानांत धरिली पाहिजे. कागदी जाहिरातीचा खर्च पाठविणारास पडतो; म्हणून ती पाठवितांना तो हात आंखडता घेतो. ईमेलच्या जाहिरातीचा खर्च बहुतेक सर्व घेणारावर पडतो: पेटी त्याची भरते, वेळ त्याचा जातो, आणि फसला तर पैसाही त्याचाच जातो. ज्या अपराधांत करणाराचें कांहींच जात नाहीं, तो अपराध उपदेशानें थांबत नाहीं. म्हणून घेणारांनीं आपल्या दारावर पहारा बसविला तें योग्यच झालें. १९९७ च्या सुमारास कॅलिफोर्नियांत पॉल विक्सी व त्याचे सोबती यांनीं एक यादी तयार केली. जाळ्याच्या ज्या पत्त्यांवरून नकोसें टपाल येतें ते पत्ते तींत टिपावयाचे, आणि ज्याला ती यादी मान्य असेल त्यानें त्या पत्त्यांशीं व्यवहार तोडावयाचा. संस्थेच्या नांवाचीं रोमन अक्षरें उलट वाचलीं असतां 'स्पॅम' हाच शब्द निघे. दुसऱ्याच वर्षीं लंडन येथें स्टीव्ह लिनफोर्ड यानें 'स्पॅमहाउस' ही संस्था काढली. आज या क्षेत्रांत तिच्या याद्यांचा दबदबा सर्वांत मोठा आहे. मग पाहतां पाहतां लहानमोठ्या शेंकडों याद्या झाल्या. गांवांत एक ज्योतिषी प्रसिद्धीस आला कीं आणखी चार पाट्या लागतात, तसेंच हें झालें.

ही यादी चालते कशी तें पाहण्याजोगें आहे, कारण तिच्या सोपेपणांतच तिचें सामर्थ्य आणि तिचा धोकाही आहे. जाळ्यावरील प्रत्येक यंत्रास चार आंकड्यांचा एक पत्ता असतो; समजा, तो १९२.०.२.४५ असा आहे. त्या पत्त्यावरून कोणी पत्र घेऊन दाराशीं आलें कीं, घेणारें यंत्र ते आंकडे उलट क्रमानें मांडतें, ४५.२.०.१९२ असे, त्यांच्या मागें यादीवाल्याचें नांव जोडतें, आणि जाळ्याच्या नामकोशास विचारतें कीं, या नांवाचें कोणी आहे काय? 'नाहीं' असें उत्तर आलें तर पाहुणा निर्दोष. १२७.०.०.२ यासारखें उत्तर आलें तर तो यादींत आहे. एवढ्यावर निकाल होतो; क्षणाचाही पुरता अवकाश लागत नाहीं. पत्र उघडलें जात नाहीं, मजकूर वाचला जात नाहीं, पाठविणारानें आजवर काय केलें तें कोणी पाहत नाहीं. मग दारावरून ५५० हा आंकडा सांगण्यांत येतो. आरंभीं चार असलेला आंकडा 'मागाहून या' असें सांगतो. आरंभीं पांच असलेला 'पुन्हा येऊं नका' असें सांगतो.

आतां आमची स्वतःची हकीकत सांगावयास हरकत नाहीं. आम्ही चारपांच मित्र मिळून एक लहानसें वाचकमंडळ चालवितों. सभासद साडेसहाशेंच्या आंतबाहेर; बहुतेक पुणें, सातारा, सांगली या बाजूचे, कांहीं बडोद्याचे व इंदुराचे, आणि मुलांकडे परदेशीं जाऊन राहिलेले थोडे वृद्ध. महिन्यांतून एकदां त्यांस एक पत्र जातें: व्याख्यानांची सूचना, नव्या पुस्तकांविषयीं चार शब्द, आणि कोणी सभासद निवर्तला असल्यास त्याची वार्ता. हें पत्र आम्ही दुसऱ्या कोणाच्या मार्फत न धाडतां, भाड्यानें घेतलेल्या एका लहानशा सर्व्हरवरून स्वतःच धाडतों. मंडळाच्या सभासदांचीं नांवें व पत्ते त्रयस्थाच्या हातीं देऊं नयेत, ही त्यामागील एक भावना. आणि आपलें दुकान आपल्या ओट्यावर असावें ही दुसरी. ज्यानें लेखी मागणी केली त्यालाच पत्र जातें; ज्यानें नको म्हटलें त्याचें नांव त्याच दिवशीं कमी होतें; आणि पाठविणाराची ओळख पटविण्याचे जे उपाय या विद्येंत सांगितले आहेत ते सर्व आम्हीं प्रथमपासून केलेले होते.

एके महिन्यांत मंडळाचे एक फार जुने सभासद वारले. शोकसभेची सूचना आम्हीं त्याच रात्रीं धाडली. सकाळीं पाहतों तों दोनशेंच्या वर पत्रें परत आलेलीं. सर्वांवर एकच शेरा: तुमचा पत्ता अमुक यादींत आहे, सबब पत्र घेतलें नाहीं. आम्हीं जवळच्या लोकांस टेलिफोन केले. पण दूरच्या कित्येकांचे क्रमांक आमच्यापाशीं नव्हते, आणि कांहींचीं पत्रें परतही न येतां कोठें गडप झालीं तें आम्हांस कळलेंच नाहीं. सभा झाली. त्यानंतर आठ दिवसांनीं मिरजेहून एका गृहस्थांचा टेलिफोन आला. गेलेल्या सभासदांचे हे बालमित्र. दोघे एकाच बाकावर बसून शिकलेले. आवाजांत राग नव्हता, संकोच होता. म्हणाले, "अहो, माझी वर्गणी राहिली आहे काय? तसें असेल तर मोकळेपणानें सांगायचें होतेंत. नांव कमी केलेंत, तें असो. पण तो गेला एवढें तरी कळवायचें होतें." आम्हीं त्यांस सर्व समजावून सांगितलें, त्यांचा गैरसमज दूर झाला, परंतु शोकसभा पुन्हा भरवितां येत नाहीं.

चौकशी करतां कळलें तें असें. आमच्या पत्त्यावर कोणाचीही तक्रार नव्हती. ज्याच्याकडून सर्व्हर भाड्यानें घेतला त्या व्यापाऱ्याच्या २५६ पत्त्यांच्या एका ओळींत आमचा पत्ता होता. त्याच ओळींतील दुसऱ्या कांहीं भाडेकरूंनीं फसव्या जाहिरातींचा सपाटा लाविला होता. आणि यादीवाल्यानें एकेक पत्ता टिपीत बसण्याचा कंटाळा करून सगळी ओळच काळी केली होती. आम्हीं यादीवाल्यास अर्ज केला. उत्तर आलें कीं, ओळीचा मालक अर्ज करील तरच विचार होईल. मालकास लिहिलें, प्रथम यंत्रानें लिहिलेली पोंच आली, मग दुसरी आली, आणि तिसऱ्या खेपेस एका मनुष्याचें उत्तर आलें कीं, यादी आमची नाहीं, यादीवाल्यास विचारा. कचेरींत एका मेजावरून दुसऱ्या मेजावर जाणाऱ्या फायलीची हकीकत आपण पिढ्यान् पिढ्या ऐकत आलों आहों. पण तेथें निदान मेजामागें बसलेला मनुष्य दिसतो, त्याच्या तोंडाकडे पाहतां येतें. येथें मेजही नाहीं आणि मनुष्यही नाहीं. एकोणीस दिवसांनीं, बहुधा मालकानें त्या भाडेकरूंस घालवून दिल्यावर, ओळ मोकळी झाली. ती मोकळी झाल्याचें आम्हांस कोणीं कळविलें नाहीं. जसें ती काळी झाल्याचेंही कळविलें नव्हतें.

या खटपटींत आमची गांठ आणखी एका यादीशीं पडली. तिच्यांतही आमची ओळ होती, आणि तेथें असें लिहिलें होतें कीं, थांबाल तर कांहीं दिवसांनीं नांव आपोआप निघेल. घाई असेल तर इतके पैसे भरा. आम्हीं पैसे भरले नाहींत. रक्कम मोठी होती म्हणून नव्हे. ज्यानें अपराध केला नाहीं त्यानें सुटकेचें मूल्य द्यावयाचें, आणि तें अटक करणारासच द्यावयाचें, या व्यवहारास कोणतेंही सौम्य नांव देतां येईना म्हणून. पुढें आम्हांस असें आढळलें कीं, या विद्येंतील जाणत्या लोकांचें मतही हेंच आहे. यादीवाल्यांनीं कसें वागावें याविषयीं २०१२ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रबंधांत, नांव काढण्यासाठीं किंवा लौकर काढण्यासाठीं पैसे घेऊं नयेत, कारण ही रीत खंडणीच्या जवळ जाते, असें स्पष्ट सांगितलें आहे. नियम आहे, पण तो पाळावयास लावणारा कोणी नाहीं.

शेजाऱ्याच्या पापानें सगळी आळी काळी करण्याची ही रीत कांहीं यंत्रांनीं शोधून काढलेली नाहीं. १८७१ सालीं इंग्रज सरकारनें गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढें १९११ सालीं त्याची व्याप्ति वाढविली. अमुक जातींत जो जन्मला तो गुन्हेगार, मग त्यानें आयुष्यांत कोणाची काडीही उचललेली नसो, असा त्याचा अर्थ होता. आपल्या सोलापुरास कुंपणाआड वसविलेल्या वस्तींत मनुष्यांच्या पिढ्या हजेरी देत जगल्या. तो कायदा रद्द होऊन त्या जमाती मुक्त व्हावयास १९५२ साल उजाडावें लागलें, आणि नांवाला लागलेला डाग तर आजही धुऊन गेलेला नाहीं. त्या यातनांशेजारीं परत आलेल्या दोनशें पत्रांचें दुःख ठेवणें शोभणार नाहीं, आणि आम्ही तें ठेवीत नाहीं. परंतु विचाराची चाल दोन्हीकडे एकच आहे हें मात्र सांगितलें पाहिजे. एकेका मनुष्यास पारखण्याचे श्रम टाळण्यासाठीं समूहास शिक्का मारावयाचा, आणि त्या शिक्क्याखालीं जो निरपराधी सांपडेल त्यानें आपलें निरपराधीपण स्वतः सिद्ध करावयाचें. चोर सोडून संन्याशाला सूळ देतात त्याहून हें निराळें. येथें चोरास सोडीत नाहींत, चोराबरोबर संन्याशालाही देतात, आणि एकाच सुळावर दोघे बसले म्हणजे काम लौकर आटोपतें म्हणतात.

येथवर आम्हीं एकच बाजू मांडली. दुसरी बाजू लहान नाहीं. यादीवाले म्हणतात, आम्ही कोणाचें पत्र अडवीत नाहीं. आम्ही केवळ आपलें मत सांगतों. दार घेणाराचें आहे, तें उघडावें कीं नाहीं हा अधिकार त्याचा आहे, आणि आमचें मत मानावयाचें कीं नाहीं हेंही तोच ठरवितो. या युक्तिवादास न्यायालयांतूनही एका अर्थीं पुष्टि मिळाली आहे. २००६ सालीं अमेरिकेंत इलिनॉय येथील एका जाहिरातवाल्या कंपनीनें स्पॅमहाउसवर फिर्याद केली. प्रतिवादी शेवटपर्यंत लढला नाहीं, म्हणून सुमारें एक कोटि सतरा लक्ष डॉलरांचा हुकूमनामा झाला. परंतु अपिलांत नुकसानीचा पुरावा टिकेना, आणि २०११ सालीं ती रक्कम तीन डॉलरांवर आली. तीन डॉलर! दुसरें असें कीं, ओळच्या ओळ काळी केल्यावांचून कित्येक मालक जागेच होत नाहींत. वाईट भाडेकरू भाडें चोख देतो. चांगल्या भाडेकरूनें आरडाओरड केली म्हणजेच मालक वाइटाला हांकलतो. आमचें स्वतःचेंच उदाहरण या म्हणण्याच्या बाजूनें साक्ष देतें, हें आम्हांस नाकबूल करतां येत नाहीं. आणि तिसरें, सर्वांत मोठें: या याद्या नसत्या तर ज्या पेट्यांत आज आमचें पत्र पोंचत नाहीं त्या पेट्या केव्हांच कचऱ्यानें भरून निरुपयोगी झाल्या असत्या. मिरजेच्या त्या वृद्ध गृहस्थांस खोट्या बँकेच्या नांवानें लुबाडूं पाहणारीं किती पत्रें या पहाऱ्यानें परस्पर परत लाविलीं असतील, त्याचा हिशेब त्यांच्याही कानीं कधीं येणार नाहीं. जें संकट टळलें त्याचें श्रेय कोणी कोणास देत नाहीं.

म्हणून पहारा नको असें आम्ही म्हणत नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच कीं, मत सांगणाराचें मत जेव्हां हजारों दारांवर विचार न करतां पाळलें जातें, तेव्हां तें मत राहत नाहीं, हुकूम होतो. आणि हुकूम करणारास हुकूम करणाराचे धर्म लागू झाले पाहिजेत. नांव कां घातलें तें सांगावें. घातलेलें नांव मुदतीनें आपोआप निघावें. शक्य तों एकट्या अपराध्यासच धरावें. दाद मागण्याचा मार्ग उघडा व फुकट असावा. कांहीं याद्या हे धर्म पाळतातही. स्पॅमकॉप नांवाच्या यादींत नव्या तक्रारी थांबल्या कीं सुमारें एका दिवसांत नांव आपण होऊन निघतें. शेवटचा धर्म असा कीं, यादी बंद करावयाची झाल्यास ती सभ्यपणें बंद करावी. हा धर्म कोणी मोडील अशी कल्पना कोणास सुचणार नाहीं, पण तो मोडला गेला आहे. २००३ सालच्या ऑगस्टांत ओसिरूसॉफ्ट नांवाच्या यादीवर हल्ले होऊं लागले, तेव्हां चालक त्रासला आणि त्यानें जगांतील झाडून सर्व पत्ते काळे ठरविले. ओ. आर. डी. बी. ही यादी २००६ सालच्या अखेरीस बंद झाली. तरी लोकांचीं यंत्रें तिला विचारीतच राहिलीं. शेवटीं मार्च १९०८ नव्हे, आपल्याच काळांत, मार्च २००८ मध्यें, तिनें प्रत्येक प्रश्नास 'होय, अपराधी' असें उत्तर देण्यास आरंभ केला. मेलेल्या पंचाची साक्ष काढीत बसलेल्या गांवाची जी गत व्हावी ती त्या यंत्रांची झाली. दोष यादीचा खराच. पण आपण कोणाच्या शब्दावर दार लावतों हें वर्षानुवर्षें न पाहणाऱ्या द्वारपालाचा त्याहून अधिक.

हें सर्व असलें तरी, विचार करतां आम्हांस असें वाटूं लागलें आहे कीं, या उघड्या याद्यांवर आमचा राग आहे तो थोडा चुकीच्या ठिकाणीं आहे. उघडी यादी निदान दिसते. आपलें नांव तींत आहे कीं नाहीं हें कोणासही विचारतां येतें, वाद घालतां येतो. परंतु आजच्या टपालाचा फार मोठा भाग ज्या दोनतीन प्रचंड कंपन्यांच्या दारांतून जातो त्यांचा निकाल कोणत्याही यादींत लिहिलेला नसतो. त्या पत्र घेतात, 'पोंचलें' असें सांगतात, आणि मग तें स्पॅमच्या कोपऱ्यांत टाकतात. परत आलेलें पत्र अपमान करतें खरें, पण तें खरें बोलतें. कोपऱ्यांत पडलेलें पत्र दोघांनाही फसवितें. पाठविणारास वाटतें तें वाचलें गेलें. घेणारास वाटतें तें लिहिलेंच नाहीं.

या कंपन्यांनीं फेब्रुवारी २०२४ पासून कांहीं नियम उघड घालून दिले, तें बरें झालें. एका दिवसांत पांच हजारांवर पत्रें धाडणारानें आपली ओळख तीन प्रकारांनीं पटवावी: कोणतीं यंत्रें आपल्या नांवानें पत्र धाडूं शकतात तें जाहीर करणारा एस. पी. एफ., पत्रावर मुद्रा उमटविणारा डी. के. आय. एम., आणि खोट्या नांवाच्या पत्राचें काय करावें तें सांगणारा डीमार्क. नांव कमी करण्याची सोय एका टिचकीसरशी व्हावी. आणि स्पॅम म्हणून तक्रार करणारांचें प्रमाण हजारीं तीनच्या आंत राहावें. नियम वाईट नाहींत. पण आमच्यासारख्या लहानांस या प्रमाणाचा अर्थ काय होतो तें पाहा. आमच्या सभासदांपैकीं दोनशें जण अशा एका कंपनीच्या पेट्या वापरतात असें धरलें, आणि त्यांतील एका वृद्धाचें बोट चुकून भलत्या जागीं पडलें, तर प्रमाण हजारीं पांच झालें. लक्षावधि पत्रें धाडणारा व्यापारी शेंकडों तक्रारी पचवून सज्जन राहतो. दोनशें पत्रें धाडणारा एका तक्रारीनें संशयित होतो. शिवाय तक्रारींचे आंकडे दाखविणारें पान पुष्कळ पत्रें धाडणारांसाठीं आहे; लहानास तें बहुधा कोरेंच दिसतें.

मग लहानानें करावें काय? सोपें उत्तर असें कीं, ओटा सोडावा आणि मोठ्याच्या दुकानांत गाळा घ्यावा. आमच्या ओळखीच्या पुष्कळ मंडळांनीं तेंच केलें, आणि त्यांस आम्ही नांवें ठेवीत नाहीं. पण तसें सर्वांनींच केलें तर पत्र नेण्याचा अधिकार बोटांवर मोजण्याइतक्यांच्या हातीं राहील, आणि जी व्यवस्था कोणाच्याही परवानगीवांचून कोणींही कोणासही लिहावें म्हणून उभारली गेली ती परवान्याची होऊन बसेल. ज्यांस स्वतःच्या ओट्यावर राहावयाचें आहे त्यांनीं पहारेकऱ्यावर रुसून न बसतां आपली ओळख पुन्हा पुन्हा पटवीत राहिलें पाहिजे. जागा घेतांना शेजार पाहावा. कारण हे पत्ते एकंदर ४२९ कोटींच्या जवळपासच आहेत, त्यांचा मध्यवर्ती सांठा फेब्रुवारी २०११ मध्येंच संपला, आणि आज मिळणारा पत्ता बहुधा कोणीतरी राहून गेलेलाच असतो. आधींच्या बिऱ्हाडकरूची अपकीर्ति भाडेपावतीबरोबर आपल्याकडे येते. पत्त्यावर नवे असतां पहिल्याच दिवशीं शेंकडों पत्रें सोडूं नयेत. नव्या सुनेनें पहिल्या दिवशीं सगळें स्वयंपाकघर ताब्यांत घेऊं नये तसें. सभासद होऊं इच्छिणाराकडून दुसऱ्या पत्रानें होकार घ्यावा. नाहींतर २०१६ सालीं झालें तसें होतें, म्हणजे कोणी दुष्ट मनुष्य एखाद्याचा पत्ता हजारों निष्पाप मंडळांच्या नोंदणीवहींत भरून टाकतो आणि सर्वांचीं पत्रें मिळून त्या एकावर धाड घालतात. बंद पडलेले जुने पत्ते वेळोवेळीं काढावेत; कांहीं मेलेल्या पत्त्यांचा सांपळा म्हणून उपयोग करतात. आणि याद्यांत आपलें नांव आहे काय हें महिन्यांतून एकदां, पत्र धाडण्यापूर्वीं, स्वतः पाहावें. आम्ही आतां तें पाहतों. शिवाय प्रत्येक सभासदाचा टेलिफोन क्रमांक मागून घेतला आहे, आणि मृत्यूची वार्ता केवळ ईमेलवर सोंपवावयाची नाहीं असा मंडळाचा ठराव केला आहे.

यापलीकडचा उपाय मात्र घेणाराच्या हातीं आहे, आणि तो फार साधा आहे. ज्या मित्राचें, मंडळाचें किंवा मासिकाचें पत्र नेहमीं येत असे आणि तें येईनासें झालें, त्यानें आपणांस टाकलें असें मनांत घेण्यापूर्वीं वाचकांनीं स्पॅमचा कोपरा एकदां उघडून पाहावा. तेथें खोट्या लॉटऱ्या आणि खोट्या बँका यांच्या गर्दींत एखादें खरें पत्र निमूटपणें उभें असण्याचा संभव आहे. त्याला हातास धरून आंत घ्यावें. त्या एका कृतीनें त्या पत्राची अब्रू वांचते, पुढच्या पत्राचा रस्ता थोडा रुंद होतो, आणि पहाऱ्यावरील यंत्रासही, त्याला शिकतां येतें तेवढें, सज्जन कसा दिसतो हें कळतें.